कमरपट्टीतला आकडा

बसवनगुडी, बेंगळुरू
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

काव्या,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची आपल्यात रीत आहे. पण सासूचा आशीर्वाद तू सध्या घेशील असं वाटत नाही, म्हणून नुसतं नाव लिहून थांबले. फोन मी सहा वेळा केला. जाताना तू म्हणाली होतीस, "आई, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, बोलण्यात नेहमी तुम्हीच जिंकता." कागदावर माझा आवाज चढत नाही, तेव्हा हे तरी वाचशील. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नडमध्ये. मराठी अक्षरं सासऱ्यांनी घरी बसवून शिकवली. चुका पोटात घाल.

विशेष काही नाही. विनोद बरा आहे. दुकान चालू आहे. लग्नसराईचे सूट आले आहेत आणि कटिंगच्या टेबलाशी तो आता स्टूल घेऊन बसतो, एवढंच. उभं राहिलं की दम लागतो म्हणतो. बेचाळीस वर्षांचा झाला, दिवसभर उभं राहून कोणाला दम लागत नाही? झोपतो मात्र हॉलमधल्या खुर्चीत, बसून. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणे. खुर्चीवर पंखा नीट लागतो, म्हणूनही असेल.

विचारायचं होतं ते एवढंच, की त्या लघवीच्या गोळ्या तू त्याला सकाळी एक द्यायचीस की दोन? चिठ्ठी सापडत नाही. आणि तू आणलेला वजनकाटा कपाटावर पडून आहे, तो तुझ्या माहेरी बेळगावला पाठवून देऊ का? इथे त्याच्यावर कोणी चढत नाही.

तुझ्या हिरव्या साडीला फॉल लावून ठेवला आहे. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली भाग्यलक्ष्मी रोज विचारते, "अक्का, काव्या यावाग बरताळे?" कधी येणार ते मी तिला काय सांगू? सांगते, तिच्या आईला बरं नाही. तेवढं खोटं चालतं.

सुनंदा


बुधवार, १२ फेब्रुवारी

काव्या,

उत्तर आलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं आहे हे मला ठाऊक आहे. तरी आज पीळ बाजूला ठेवून लिहिते. विनोद बरा आहे असं मी लिहिलं होतं. तो बरा नाही.

गोळी एक की दोन हे विचारलं, तेही नाटकच होतं. डिसेंबर संपल्यापासून तो गोळी घेतच नाही. गिऱ्हाईक ट्रायलला उभं असतं आणि याला तीन-तीनदा लघवीला जिना चढून वर जावं लागतं. जिना चढला की धाप, खाली आला की पुन्हा धाप. एक दिवस म्हणाला, "आई, नको ती गोळी." मी म्हटलं, नको तर नको. तू असतीस तर हातावर ठेवून गिळेपर्यंत उभी राहिली असतीस.

त्याचे पाय सुजलेत. चपलेत पाऊल जात नाही. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. पोट ताठ झालंय. मी ठरवून टाकलं की हे सगळं खाण्याचं आहे. भात बंद केला, पोळ्या दोनवर आणल्या, आणि भूक मारायला मीठ-जिरं घातलेलं ताक, दिवसाला चार-पाच तांबे. तोंडाला चव म्हणून लिंबाचं लोणचं. आठ दिवस असं केलं आणि बघते तर डोळ्यांखालीसुद्धा सूज. मग माझी जीभ सुटली. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर बोलले, "घरात उपाशी असल्याचं सोंग करतोस आणि गांधी बाजारात जाऊन डोसे हाणतोस."

तो म्हणाला, "आई, देवाशप्पथ, मी काही खाल्लं नाही. चार दिवस झाले, मला भूकच नाही गं." डोळे भरले होते त्याचे. मी विश्वास ठेवला नाही. तो वर गेल्यावर त्याच्या शर्टाचे खिसे तपासले, हॉटेलचा एखादा कागद सापडतो का बघायला. खडूचे तुकडे निघाले.

हे कोणाला सांगू? सप्टेंबरात आपण तिघं त्या दवाखान्यात गेलो होतो तेव्हा डॉक्टर काय बोलले ते तुलाच कळलं होतं. मला आठवतो तो फक्त काटा. एकशे तीसपर्यंतचाच होता तो. तिथला माणूस म्हणाला, "इदरल्ली आगल्ला सार," म्हणजे यात होणार नाही, आणि हात दाखवला समोरच्या रद्दीवाल्याकडे. तिथे मोठा काटा आहे, तिथे करून या. बाकावरची माणसं हसली. तू म्हणालीस, थांबा, आपण दुसरीकडे करू. मीच विनोदचा दंड धरला आणि म्हटलं, "चल घरी, माझा मुलगा काय रद्दी आहे?" त्यानंतर तो कोणत्याही काट्यावर पाय ठेवायला तयार नाही. त्या दिवशी मला आपण आईसारखं वागलो असं वाटलं होतं.

आणि तो रिपोर्ट. हृदयाचं पंपिंग साठ टक्के, असं लिहिलं होतं. आपल्या घरात साठ टक्के आजवर कोणाला पडले होते? फर्स्ट क्लास म्हणून मी नामदेव मंदिरात पेढे वाटले. तू म्हणत राहिलीस, "आई, खालची ओळ वाचा, हृदय ताठ झालंय असं लिहिलंय, रोज वजन करा म्हणालेत." मी भाग्यलक्ष्मीला म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. तुझ्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

आता तूच सांग काय करू. एक ओळ लिही. रागाची लिही, पण लिही.

सुनंदा


गुरुवार, २० फेब्रुवारी
दवाखान्यातून

काव्या,

भाग्यलक्ष्मीने तुला फोनवर सांगितलंच आहे. मंगळवारी दुपारी तो एका सुटाची बाही कापत होता. कात्री खाली पडली. मी आतून विचारलं, काय रे? बाहेर येऊन बघते तर दोन्ही हात टेबलावर टेकून तोंड उघडून श्वास घेतोय आणि ओठ काळेनिळे. "आई, हवा येत नाही," म्हणाला. गल्लीतल्या सहा जणांनी मिळून त्याला गाडीत घातलं. त्यातलं कोणीच हसलं नाही असं मी म्हणणार नाही.

भाग्यलक्ष्मी सांगते, तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस, "वजन केलं का?" आणि फोन ठेवलास. मला आधी तुझा संताप आला. नवरा तिकडे मरणाच्या दारात आणि ही वजन विचारते. मग इथे बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं, की सप्टेंबरापासून तू तेवढंच विचारत होतीस आणि आम्ही दोघं तेवढंच सोडून बाकी सगळं बोलत होतो.

तर केलं. इथे पलंगालाच काटा आहे. एकशे छप्पन्न. डॉक्टर म्हणते त्यातलं दहा-बारा किलो नुसतं पाणी आहे.

डॉक्टर मुलगी पुण्याची आहे, मुग्धा नाव. मराठी ऐकून माझा जीव भांड्यात पडला, पण तिने सांगितलं ते ऐकून पुन्हा उडाला. म्हणाली, "काकू, पंपिंग सिक्स्टी परसेंट आहे, ते नॉर्मलच आहे. पण तेवढ्यावर जाऊ नका. यांचं हार्ट दाबतं नीट, रिलॅक्स होत नाही. सैलच पडलं नाही तर भरणार कसं? मग पाणी मागे तुंबतं, लंग्जमध्ये, पोटात, पायांत." मी विचारलं, हे असं झालं कशाने? तर म्हणाली, "एवढ्या शरीराला रक्त पुरवायचं म्हणजे हार्टला रोज ओव्हरटाइम. वर्षानुवर्षं. त्याची भिंत जाड होते, कडक होते. चरबी काय फक्त पोटावर नसते काकू, हार्टच्या भोवतीपण बसते. त्यात बीपी आहे, घोरणं आहे. आणि वजन जास्त असलं की एक ब्लड टेस्टपण असते ती खोटीच कमी येते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये कोणी फार घाबरलं नसेल." मी ताकाचं सांगितलं. तिने डोळे मिटले. म्हणाली, "मीठ आणि पाणी. तेच नको होतं."

म्हणजे मी त्याला पाच तांबे पाजत होते आणि वर चोर म्हणत होते. तो खरंच काही खात नव्हता, काव्या. पोटात पाणी भरलं की भूक मरते, असं ती म्हणाली.

मग तिने विनोदला विचारलं, "गेल्या दीड-दोन महिन्यांत कपडे घट्ट झाले का? असं एकदम होत नाही हे." विनोदच्या नाकावर ती हवेची नळी. तशातही मान हलवून म्हणाला, "नाही डॉक्टर. पँट तीच आहे. अठ्ठेचाळीस. आईच शिवते." पिशवीतून पँट काढायला लावली आणि कमरपट्टी उलटी करून शाईचा आकडा दाखवला. डॉक्टर आकड्याकडे बघते, त्याच्या पोटाकडे बघते. "असं कसं?" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी पाण्याची बाटली आणते म्हणून बाहेर पडले. पुढचं उद्या लिहीन.

सुनंदा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काव्या,

काल बाटली घेऊन मी अर्धा तास जिन्यात उभी होते. आज लिहिते. हे वाचून पत्र फाडलंस तरी चालेल, पण पूर्ण वाचून फाड.

डिसेंबरातलं भांडण आठव. तू म्हणत होतीस याचं अंग फुगतंय, पाय बघा, काट्यावर चढ. तो म्हणत होता तुझ्या डोळ्यांत खोट आहे. शेवटी त्याने हीच कमरपट्टी उलटी करून तुझ्या तोंडासमोर धरली. "अठ्ठेचाळीस. लग्नात होती तीच आजही, अठ्ठेचाळीस. मग वाढलं कुठे?" तू माझ्याकडे वळलीस. म्हणालीस, "आई, तुम्ही खरं सांगा." आणि मी, पन्नास वर्षं टेप गळ्यात घालून फिरणारी, म्हणाले, "कापड खोटं बोलत नाही." तू दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरलीस.

कापड बोलत नव्हतं, मी बोलत होते. ती पँट अठ्ठेचाळीसची नव्हती. त्रेपन्नची होती. काल पिशवीतून काढली ती छप्पन्नची आहे. त्या करड्या कापडाचा अख्खा तागा मी माडीवर ठेवला आहे. एक घट्ट व्हायला लागली की तशीच दुसरी शिवायची, जुनी बटणं लावायची, दोनदा धुऊन इस्त्री करायची आणि कमरपट्टीच्या आत शाईने अठ्ठेचाळीस लिहायचं. जुनी कापून चिंध्यांच्या गाठोड्यात. तो कधी स्वतःचं माप घेत नाही. अख्ख्या बसवनगुडीच्या कमरा त्याला तोंडपाठ आहेत, स्वतःची सोडून. ती त्याने माझ्यावर सोडली होती.

हे सुरू झालं तो तिसरीत असताना. एक दिवस शाळेतून आला तर चड्डीची शिवण मागे उसवलेली आणि हात मागे धरून तो गल्लीभर चालत आलेला. मुलं मागून "डुम्मा, डुम्मा", म्हणजे जाड्या, असं ओरडत होती. आठ दिवस शाळेत गेला नाही. तेव्हा मी ठरवलं की माझ्या मुलाला कपडा कधी घट्ट होणार नाही. तो शाळेत गेला की दुपारी शिवणी सैल करायच्या, शिवणीत आत राखलेल्या जादा कापडाची माया संपली की नवी चड्डी. त्याला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणायची. मूठ झाकता झाकता आत काय होतंय ते मीही बघायचं सोडलं.

डिसेंबरानंतर दीड महिन्यात तीन इंच वाढले. तीन इंच, काव्या. एरवी तेवढे वाढायला त्याला चार वर्षं लागायची. माझ्या हाताला ते कळलं. टेप धरतानाच कळलं की हे चरबीचं वाढणं नाही, हे काही वेगळं आहे. दुसऱ्या कोणाच्या घरात बटण तुटलं असतं, चेन लागली नसती, माणूस घाबरून डॉक्टरकडे गेला असता. माझ्या मुलाला तेवढीसुद्धा खूण मिळू दिली नाही. तुलाही नाही.

त्याचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी इस्त्री करता करता गेले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस विठ्ठलराव, अंथरुणाला खिळला नाही. त्यांच्याही पायांना खळगे पडायचे. त्यांच्याही पँटी मीच शिवायची.

तू खरी होतीस. मी खोटी होते, आणि तू खरी आहेस हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तुझ्यासमोर हरायचं नव्हतं म्हणून खोटं बोलले. याहून नागडं मला लिहिता येत नाही.

सुनंदा


गुरुवार, २७ फेब्रुवारी

काव्या,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी आहेत, मी इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या. "मी यायला तयार आहे. पण आत्ता आले तर पुन्हा तेच होईल. मी म्हणणार वाढलंय, तो म्हणणार पँट बसते. आधी तुम्ही त्याला सांगा. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी मी गाडीत बसते." खाली सहीसुद्धा नाही.

बरोबर आहे तुझं. पण इथलं ऐक आणि मग ठरव. निम्मं पाणी उतरलंय. सुयांनी औषध देतात, लघवी मोजतात, दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नाही. बोलताना आता त्याला वाक्याच्या मध्ये थांबावं लागत नाही. आणि बोलायला लागला तशी त्याने एकच रट लावली आहे, घरी जायचं. कालच्या पाळीचे दोघं वॉर्डबॉय त्याला कुशीवर वळवताना आपसात काहीतरी बोलून हसले, ते त्याने ऐकलं. तेव्हापासून म्हणतो, "मला बरं वाटतंय. हे पलंगाचे काटे खोटे असतात. बारा किलो पाणी अंगात असतं तर पँट बसली असती का?" शनिवारी सकाळी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून निघणार आहे. कागद मागवून ठेवला आहे त्याने.

डॉक्टर मुग्धा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, आत्ता गेले तर आठ-दहा दिवसांत पुन्हा येतील. आणि तेव्हा किडन्या साथ देतील याची मला गॅरंटी नाही. हे पेशंट घरी रोज काट्यावर उभे राहिले तरच वाचतात. दोन दिवसांत दोन किलो वाढलं की फोन, एवढं सोपं आहे. पण त्यांना पटायला हवं ना." आणि जाताना म्हणाली, "ती पँट मला अजून कळली नाही." मी तिलाही सांगितलं नाही.

मी तुझ्या पाया पडते. तू ये आणि तू सांग. माझ्याकडून होणार नाही. जगात सगळे त्याला हसले. शाळा हसली, दवाखान्यातले बाक हसले, स्वतःच्या लग्नात बोहल्यावर चढताना पाट करकरला तेव्हा माझे सख्खे भाऊ हसले. एक मी कधी हसले नाही. एवढीच त्याची जमा आहे. ती मी माझ्या हाताने काढून घेऊ? आणि हे ऐकून त्याचं हृदय तिथेच थांबलं तर? मुग्धाला आडून विचारलं, मनाला धक्का बसला तर काय होतं? ती म्हणाली, "कसला धक्का काकू?" मी म्हटलं, असंच.

खरं सांगू, धक्क्याची भीती हे निमित्त आहे. मला भीती आहे ती, तो वाचेल आणि माझ्याशी बोलणार नाही, याची. हे लिहून झालं आणि मग वाचलं, तेव्हा माझीच मला शिसारी आली. तो मेला तरी चालेल पण माझा राहू दे, असाच याचा अर्थ होतो ना?

उद्या चारला भेटायची वेळ आहे. तू यायच्या आतच ती वेळ येणार हे मला कळतंय.

सुनंदा


शनिवार, १ मार्च

काव्या,

हे पोस्टात टाकत नाही. भाग्यलक्ष्मी इथेच बसली आहे, ती फोनवर फोटो काढून तुला पाठवेल.

काल चारला सांगितलं. आधी इकडचं तिकडचं बोलले, तर म्हणाला, "आई, स्वल्प गप्प बस ना, दमलोय." तेव्हा एकदमच सांगितलं. तागा, जुनी बटणं, शाई, सगळं. तिसरीतल्या चड्डीपासून. तो छताकडे बघत होता. मला वाटलं ऐकत नाही.

मग विचारलं, "खरं माप किती?" गिऱ्हाइकाला विचारतो तसाच आवाज.

"छप्पन्न."

"डिसेंबरात?"

"त्रेपन्न."

"आणि लग्नात?"

"एक्कावन्न. तेव्हाही अठ्ठेचाळीसच लिहिलं होतं."

बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता. तो कापड बेततानाच असा मोजतो. म्हणाला, "म्हणजे काव्या खरं बोलत होती." मी हो म्हटलं. "आणि तू तिथेच उभी होतीस." हो म्हटलं. "तुला माझी लाज वाटायची?" मी म्हटलं, नाही रे राजा, कधीच नाही, तुला वाटू नये म्हणून केलं.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "मला वाटायचं लोक उगाच हसतात. कपडे तर नीट बसतायत, मग हे हसतात कशाला? सगळे वाईट आहेत, असं वाटायचं. शाळेतले, दवाखान्यातले, काव्यासुद्धा. एक तू सोडून." मग भिंतीकडे तोंड केलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर खांदा आक्रसून घेतला. नर्सला हाक मारून म्हणाला, "यांना बाहेर बसायला सांगा." यांना म्हणाला, आईला नाही.

रात्र बाकावर काढली. मला काय काय वाटलं ते तुला लिहिणार नाही, ते माझं आहे.

सकाळी तो कागद आला, सहीचा. मी दाराच्या फटीतून बघत होते. मुग्धा आली होती. विनोदने कागद घेतला, वाचला आणि परत दिला, सही न करता. म्हणाला, "उभं राहायचा काटा आहे का तुमच्याकडे? मोठा?" तिने कुठून तरी ढकलत आणवला, लोखंडी, रुंद पाट्याचा. दोन माणसांनी काखेत हात घातले तर म्हणाला, "बेडा, नाने निंततीनी," नको, मीच उभा राहतो. पलंगाचा कठडा धरून एक पाय वर ठेवला, थांबला, श्वास घेतला, दुसरा ठेवला. सप्टेंबरापासून पहिल्यांदा. खाली मान घालून आकडा स्वतः वाचला. मुग्धाला म्हणाला, "माझ्या वहीत मीच लिहिणार." कोणी हसलं नाही.

मला राहवलं नाही. दार ढकलून आत गेले आणि विचारलं, "किती आलं रे?"

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुला नाही सांगणार. काव्याला सांगेन."

तू निघ.

सुनंदा